सहा जण एका मोटरहोममधनं शिरोड्याला जाताय, तर आधी झोपायचं कुठं ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही बँकेतनं रिटायर झालाय, वहिनी शाळेतनं, बेळगावच्या शहापुरातलीच आणखी दोन मित्र जोडपी तयार हाईत, आणि सहा जणांनी मिळून भाड्यानं एक मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन नोव्हेंबरात वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला जायचं, चार रात्री बीचवरच गाडीत राहायचं, तर हे जमेल का, घाट कुठला धरावा, लायसन्स कुठलं लागतं आणि बरोबर काय काय घ्यावं. मी उद्यमबागेत तीस वर्षं बॉडी बिल्डिंगचं आणि गाडी दुरुस्तीचं काम केलंय, आणि गेली आठ वर्षं मी आणि आमची ही कॅम्परमधनं, म्हणजे आमच्या मोटरहोममधनं, समुद्राकडं जातोय, कधी दोघंच, कधी मित्रांबरोबर, म्हणून जरा लांबच लिहितो. घाईत असाल तर एवढंच वाचा: जावा, जरूर जावा, खरं गाडीत दोघांनीच झोपा, बाकीच्या चौघांना रूम घ्या, आणि गाडी बीचवर नको, बीचच्या मागं कुणाच्या तरी खळ्यात, म्हणजे अंगणात, लावा. बाकी सगळं याच्यातनंच निघतंय.

सहा बर्थची गाडी म्हणून जाहिरात असते ती खोटी नसते, बर्थ सहा असतातच की, पण त्यातले दोन म्हणजे डायनिंगचं टेबल खाली पाडून केलेले असतात आणि दोन वरती ड्रायव्हरच्या डोक्यावर, शिडीनं चढून जायचे. आता साठी ओलांडलेल्या माणसाला रात्री दोनदा उठायला लागतं, हे काय लपवून ठेवायचं, सगळ्यांनाच लागतं, आणि वरच्या बर्थवरनं अंधारात शिडी शोधत खाली यायचं, खाली टेबलाच्या जागी झोपलेल्या वहिनींच्या पायाला पाय लागू न देता टॉयलेटपर्यंत जायचं, आणि तिथला पंप कुरकुरला की सगळी गाडी जागी. आम्ही पहिल्या वर्षी हेच केलं होतं, दोन जोडपी आणि एक मित्र एकटा, पाच जण. पहिली रात्र हसण्यात गेली, दुसऱ्या रात्री कोण घोरतंय यावरनं बोलणं झालं, तिसऱ्या दिवशी सकाळी दोन जण एकमेकांशी फक्त मीठ दे, पाणी दे एवढंच बोलत होते. चाळीस वर्षांची दोस्ती, हायस्कूलपासनंची! नंतर जुळलं सगळं, खरं त्या दिवशी परत येताना चंदगडपर्यंत गाडीत कुणी तोंड उघडलं नाही.

तेव्हापासनं आमची रीत ठरलेली हाय. कॅम्परमध्ये मी आणि ही, मित्र त्यांच्या कारमधनं येतात, आणि ज्या घरगुती लॉजवाल्याकडं त्यांच्या रूम घ्यायच्या त्याच्याच अंगणात कॅम्पर लावायची. दिवसभर सगळा अड्डा कॅम्परजवळच, बाहेर छत काढायचं, खुर्च्या मांडायच्या, चहा तिथंच, पत्ते तिथंच, रात्री दहाला ज्याचा तो आपापल्या पलंगावर. शिवाय कार बरोबर असली की मासे आणायला, औषध आणायला, देवळाला जायला एवढा मोठा डबा हलवायला लागत नाही. गाडी एकदा लेव्हलला लावली की मी निघायच्या दिवसापर्यंत तिला हात लावत नाही. तुम्ही भाड्याची घेणार तर सहा बर्थची मोठी घेऊच नका, दोन-चार बर्थची लहान घ्या, पैसे वाचतील त्यात दोन रूम निघतील, आणि लहान गाडी कोकणातल्या रस्त्याला बसते तरी. तिथल्या वाडीतले रस्ते म्हणजे दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, समोरनं रिक्षा आली तरी कुणीतरी मागं घ्यायला लागतंय, आणि वरती आंब्याच्या फांद्या नाहीतर विजेची लोंबती तार. गाडीची उंची नीट मोजून स्टेअरिंगसमोर कागद चिकटवा. माझी वरच्या पंख्याच्या टोपणासकट 9 फूट 8 इंच भरते, आणि हे मला एक टोपण तुटल्यावर कळलं.

बीचवर गाडी लावायची हौस सगळ्यांना असते, फोटोत लई भारी दिसतंय ते. माझंच सांगतो. एका पौर्णिमेला चारच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर पोचलो, पाणी लांब गेलेलं, वाळू ओली आणि दाबलेली, अगदी डांबरी रस्त्यासारखी, गावातली एक-दोन पोरं बाईक फिरवत होती, म्हटलं चला, घाला आत. सूर्यास्त बघितला, चहा झाला, भजी झाली. उठायला गाडी वळवली तर वळताना मागचं एक चाक कोरड्या वाळूच्या पट्ट्यात गेलं आणि बसलं. भरलेली गाडी साडेतीन टनाची, जेवढं रेस करावं तेवढं चाक खाली. सातपर्यंत अंधार, आणि मग लक्षात आलं की पाणी आवाज करत जवळ येतंय. साडेनऊला लाट गाडीपासनं पंधरा फुटांवर होती. शेवटी रापण, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं दोर घेऊन आली, वीस-बावीस जण, आणि एका ट्रॅक्टरनं ओढून काढलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी ही त्यांच्या घरी कुंदा घेऊन गेली. त्यातला एक म्हातारा मला म्हणाला, पुनवेला संध्याकाळी समुद्र लांब जातो तो बोलवायलाच जातो.

हे नीट समजून घ्या, कारण आपण बेळगावची माणसं, आपल्याला पाऊस कळतो, भरती-ओहोटी कळत नाही. दिवसातनं दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते. जुना हिशोब असा, की तिथीला पाऊणनं गुणायचं, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे सकाळी आणि रात्री अकराच्या आसपास भरती आणि संध्याकाळी पाचच्या आसपास पूर्ण ओहोटी. हा ढोबळ हिशोब, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, नक्की वेळेसाठी मोबाईलवर टाईड टेबल मिळतं ते बघा. त्यात पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतंय, पाणी जास्त वर चढतं आणि जास्त खाली उतरतं. अष्टमीला भांगाची भरती, फरक कमी. मुंबईला जेवढं पाणी चढउतार करतं तेवढं आपल्या वेंगुर्ला-गोव्याकडं नाही, तरी उधाणाला दोन मीटरपर्यंत फरक पडतो, आणि सपाट किनाऱ्यावर दोन मीटर म्हणजे आडवं किती आत येईल ते तुम्हीच बघा.

आणि कायद्याचं सांगायचं तर गोव्यात बीचवर गाडी घालणं हा सरळ गुन्हा हाय. तिथं 2022 च्या ऑक्टोबरअखेर टुरिझम खात्यानं ऑर्डर काढली, उघड्यावर स्वयंपाक करणं, बीचवर गाडी चालवणं, उघड्यावर दारू पिणं, कचरा टाकणं, सगळ्यालाच 5 हजारापासनं 50 हजारापर्यंत दंड. म्हणजे रस्त्याकडेला गॅस पेटवून पोहे परतायला बसलात तरी सापडाल. तुम्ही शिरोड्याला म्हणजे महाराष्ट्रात थांबणार, तरी तिथनं गोवा दगडफेकीच्या अंतरावर हाय, एक दिवस पलीकडं जायची इच्छा होणारच, तेव्हा हे लक्षात असू दे. आणखी एक, वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, नोव्हेंबरपासनं मार्चपर्यंतचा काळ त्यांचा. पिल्लं उजेडाकडं चालतात, त्यामुळं किनाऱ्याजवळ कुठंही असाल तर बाहेरचे लाईट समुद्राच्या बाजूनं लावू नका.

आता घाट. शिरोड्याला आपला जुना वेंगुर्ला रोडच बरा. हिंडलगा, सुळगा, बाचीवरनं शिनोळी, तिथं महाराष्ट्र लागला, मग पाटणे फाटा, हलकर्णी, नागनवाडी, चंदगडच्या बाजूनं आंबोली, खाली सावंतवाडी आणि तिथनं शिरोडा. सगळं मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, कारनं तीन तास म्हणतात, कॅम्परला मी साडेचार धरतो. तिलारीचा घाट नकाशात जवळ दिसतो, खरं तो मोठ्या गाडीला नकोच, उतार इतका खडा आणि वळणं इतकी आवळलेली की एका दमात वळत नाही गाडी. चोर्ला गोव्यासाठी ठीक, जांबोटी-कणकुंबीपर्यंतचा रस्ता ज्या वर्षी चांगला असेल त्या वर्षी. अनमोड लांब पडतो पण रुंद हाय. कारवारला जायचं असेल तर तो वेगळा विषय, रामनगरवरनं जोयडा धरा नाहीतर यल्लापूरला जाऊन अरबैल घाट उतरा, अरबैलला ट्रकची रांग असते पण रस्ता हायवेचा हाय. तिथल्या बीचला रवींद्रनाथांचं नाव हाय, तरुणपणी ते तिथं राहून गेले होते. सुंदर बीच, खरं बरोबर हायवेच्या कडेला, रात्री झोप येत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये एक मित्र बसचा ड्रायव्हर म्हणून रिटायर झाला, वेंगुर्ला लाईन त्यानं वर्षानुवर्षं मारली. त्यानं मला पहिल्या दिवशी शिकवलं ते असं, की घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, त्याहून वरचा नको. आंबोली बेळगावपेक्षा काही फार खाली नाही, 690 मीटरच्या आसपास, म्हणजे इथपासनं तिथंपर्यंत रस्ता वरखाली करत जातो आणि मग सगळी उंची पंधरा-वीस किलोमीटरात संपते. कारची सवय असलेला माणूस ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतो, साडेतीन टनाच्या गाडीला ते चालत नाही, ब्रेक तापतात, वास येतो, आणि मग पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही. वास आला की लगेच रुंद जागा बघून थांबा, अर्धा तास, चाकावर पाणी मारू नका, तापलेल्या डिस्कला एकदम पाणी लागलं की ती वाकते नाहीतर तडकते. ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदललेलं असावं, कारण ते हवेतलं पाणी ओढतं आणि तापलं की उकळतं. भाड्याच्या गाडीला हे विचारायला लाजू नका.

टायर बघा, आणि नुसती नक्षी बघू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2319 असेल तर 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. कॅम्पर वर्षातनं थोडीच फिरते, उभी जास्त राहते, त्यामुळं नक्षी नवी आणि रबर म्हातारं असं सर्रास असतं. सहा वर्षांपेक्षा जुना टायर असेल तर मी ती गाडी घेत नाही.

रात्री आंबोली-चंदगड पट्ट्यात चालवू नका. धुकं तर असतंच, गवे रस्त्यावर उभे असतात, आणि चंदगड-आजरा भागात हत्तीसुद्धा फिरतात. सकाळी सातला बेळगाव सोडा, दहाला आंबोलीत नाष्टा, दुपारच्या जेवणाला शिरोडा. वेळ असला तर आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमावर डोकावून या, तीच नदी पुढं संकेश्वरवरनं घटप्रभेला मिळते, म्हणजे पाणी आपल्या घराकडं चाललंय आणि आपण उलटे समुद्राकडं, याची मला दरवेळी गंमत वाटते.

लायसन्सचं विचारलंय. कारचं एलएमव्ही लायसन्स असेल तर एकूण वजन 7,500 किलोपर्यंतची गाडी त्याच्यावर चालते, भाड्याची असली तरी, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये हे पक्कं केलं. खरं तुमच्या लायसन्सची तारीख बघा, पंचावन्ननंतर रिन्यू केलेलं पाच वर्षांपुरतंच असतं, आमच्या एका मित्राचं संपलेलं शिनोळीला चहा पिताना लक्षात आलं. भाड्याच्या गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट हाय का ते बघा, कारण आपण घरातनं निघून अर्ध्या तासात राज्य बदलतो, आणि तिथं कागद नाहीत म्हणून परत फिरणं म्हणजे सहलीचा मूड गेला. आणि कुणी जुनी मिनीबस स्वस्तात घेऊन आत पलंग-ओटा ठोकून देतो म्हणाला तर घेऊ नका, हे मी बॉडी बिल्डर म्हणून सांगतो. मोटर व्हेईकल ॲक्टच्या कलम 52 प्रमाणं कंपनीनं दिलेल्या गाडीत असा बदल परवानगीशिवाय चालत नाही, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस 124 नावाचं वेगळं स्टँडर्ड हाय, त्यात बसणारी आणि आरसीवर तशीच नोंद असलेली गाडी घ्या. उद्या अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिला तोच कागद बघतो.

टॉयलेटवर थोडं जास्त लिहितो, कारण सगळे याच्यावर लिहायला लाजतात आणि ट्रिप याच्यावरच मोडते. कॅम्परमध्ये साधारण 20 लिटरची डबी असते, खालनं ओढून काढायची. गाडीवाला सांगतो दोन माणसांना चार दिवस जाते. तो हिशोब कागद वापरणाऱ्यांचा हाय हो! आपण पाणी वापरतो, आणि प्रत्येक वेळचं ते पाणी त्याच डबीत जातं, त्यामुळं आम्हा दोघांना ती जेमतेम दीड-दोन दिवस पुरते. सहा जण असाल तर रोज रिकामी करायला लागेल, कदाचित रोज दोनदा. आणि रिकामी कुठं करणार? नाल्यात नाही, माडाच्या बुंध्यात नाही, समुद्रात तर नाहीच, फक्त संडासात. म्हणून परत तेच, अंगणवाल्याला आधीच फोनवर स्पष्ट विचारा की तुमचा बाहेरचा संडास आणि मोरी आम्हाला वापरायला द्याल का, आणि त्याचे वेगळे पैसे देतो म्हणून सांगा. आमच्यात नियम हाय, दिवसा सगळ्यांनी बाहेरचा वापरायचा, गाडीतला फक्त रात्रीचा आणि फक्त लघवीला. डबी रिकामी करायचं काम मी करतो, पाळी लावत नाही, कारण पाळी लावली की भांडण.

पाण्याचं पण तसंच. टाकी शंभर-सव्वाशे लिटरची, दोघांना आंघोळ बाहेर केली तर दोन-अडीच दिवस, सहा जणांना दुपारपर्यंत. घाट उतरताना टाकी अर्धीच भरा, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, तेवढं वजन उगाच ब्रेकवर कशाला. समुद्रातनं आलेल्या माणसानं आधी बाहेर बादलीनं पाय धुवायचे, मग शिडीवर चढायचं. वाळू एकदा आत गेली की ती तुमच्या गादीत, चहात आणि सरकत्या दाराच्या खाचेत महिनाभर राहते.

वीज. एसीच्या आशेवर राहू नका. गाडीत 100 एएचची एक लिथियम बॅटरी असेल तर त्यात सव्वा युनिट वीज, एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो, म्हणजे सव्वा तासात अंधार. छोटा फ्रीज दिवसाला अर्धा युनिट, 12 व्होल्टचे दोन पंखे रात्रभर चालले तर साधारण 400 वॅट-अवर (0.4 युनिट), मोबाईल आणि लाईट किरकोळ, एवढंच बॅटरीत बसतं. वरती 400 वॅटचं सोलर असेल तर नोव्हेंबरच्या उन्हात ते भरून निघतं, पण त्यासाठी गाडी उन्हात लावायला लागते, आणि आपण हमखास सावली शोधतो. सावली शोधा, खरं माडाखाली नको. माझं एक पॅनेल नारळानं फोडलंय, रात्री अडीच वाजता, बाँब पडल्यासारखा आवाज, ही उठून देवाचं नाव घ्यायला लागली. अंगणवाल्याकडनं वायर घेतली तर जाड, 2.5 स्क्वेअर एमएमची घ्या, आणि रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेल्या रिळावर जास्त लोड दिला की ते आतनं तापून वितळतं. इन्सुलिन कुणाचं असेल तर त्याची पेटी वेगळी ठेवा आणि फ्रीजवर शंभर टक्के भरवसा नको, लॉजवाल्याच्या घरच्या फ्रीजात ठेवायला द्या.

आणि हे कृपा करून हलक्यात घेऊ नका, एसीसाठी इंजिन नाहीतर जनरेटर चालू ठेवून आत झोपायचं नाही. 2024 च्या डिसेंबरात केरळात वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघं जण मेलेले सापडले, जनरेटरचा धूर, त्यातला कार्बन मोनॉक्साईड आत शिरला होता. त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. पंखा लावा, जाळी असलेल्या दोन खिडक्या उघड्या ठेवा, समुद्राचं वारं असतंच. घरचा 14.2 किलोचा सिलिंडर पण गाडीत घालू नका, 5 किलोचा छोटू पुरतो. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तो तळाशी साठतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली भोक असायला पाहिजे, ते कुणी पोत्यानं बुजवलेलं नाही ना बघा. चालत्या गाडीत गॅस बंद, आणि चालत्या गाडीत पलंगावर कुणी आडवं व्हायचं नाही, बेल्ट असलेल्या सीटवरच बसायचं. आमच्या वहिनींना घाटात मळमळतं म्हणून मागं झोपायची सवय, त्या आता कारमध्ये पुढं बसतात.

मासे आणा, जरूर आणा, वेंगुर्ल्याच्या बंदरावर सकाळी जावा, मोलभाव हिला जमतो मला नाही. खरं गाडीच्या आत तळू नका. एकदा पाऊस आला म्हणून बांगडे आत तळले होते, तर मकर संक्रांतीपर्यंत गाडीला वास होता, पडदे धुतले, गादीचं कव्हर धुतलं, तरी दार उघडलं की बांगडा. आता आम्ही मासे त्या घरातल्या वहिनींना देतो, त्या करून देतात, पैसे देतो, आणि आपल्या हातनं होत नाही तसं होतं ते, सोलकढीसकट. कॅम्परमध्ये फक्त चहा, पोहे, उप्पीट, रात्रीची खिचडी. सहा जणांचा स्वयंपाक दोन शेगड्यांवर करत बसणार तर वहिनींची सहल ती कसली, घरचाच ओटा चाकावर घातल्यासारखं झालं. हे माझं नाही, हिचं म्हणणं, पहिल्या ट्रिपनंतरचं.

पैशाचं आधीच बोला. आम्ही निघायच्या आधी जोडप्यामागं सारखी रक्कम एका माणसाकडं जमा करतो, मास्तर हाईत ते, त्यांच्याकडं वही असते, जेवण, रूम, डिझेल, टोल सगळं त्यातनं. कॅम्परचं भाडं तिघांत सारखं वाटायचं का, का गाडीत झोपणाऱ्यानं जास्त द्यायचं, यावर आमच्यात एकदा बराच वेळ गेला, शेवटी असं ठरलं की कॅम्परचं भाडं आणि दोन रूमचं भाडं एकत्र करून तीन भाग. गाडीत कोण झोपतंय याला महत्त्व नाही, उलट दोन-दोन रात्री अदलाबदल करा, सगळ्यांची हौस भागते. एक गोष्ट मात्र, गाडी चालवणारे दोन जण ठरवा आणि बाकीच्यांनी मागनं सूचना द्यायच्या नाहीत.

फिरायला तिथं चार दिवस कमी पडतील. वेळागरचा किनारा आणि सुरूचं बन तर शेजारीच, रेडीचा गणपती जवळ, आरवलीला वेतोबा, त्याला नवसाचे चामड्याचे मोठाले जोडे आणि केळ्यांचे घड वाहतात ते बघण्यासारखं. शिरोड्याला 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला होता, मिठागरं तिथं अजून हाईत. वेंगुर्ल्यात डचांच्या जुन्या वखारीचे अवशेष हाईत, सतराव्या शतकातले. आपल्याकडं वेंगुर्ला रोड हे नाव उगाच नाही पडलेलं, ते बंदर होतं आपलं.

परत येताना गोव्यातनं आलात तर एक सांगून ठेवतो. कॅम्परला कपाटं लई, आणि चेकपोस्टवरचा माणूस सगळी उघडून बघतो. बाटल्या आणायला परवाना लागतो, कुणा मित्रानं गुपचूप गादीखाली घातल्या असतील तर गाडी तुमच्या नावावर घेतलेली हाय हे त्याला आधीच सांगा.

घरी आल्यावर लगेच, दुसऱ्या दिवशी नको, गाडीचं खालचं अंग गोड्या पाण्यानं धुवून घ्या. खारं वारं नुसतं लागलं तरी सायलेन्सर, ब्रेक पाईप, बॅटरीचे टर्मिनल गंज धरायला लागतात. टर्मिनलला व्हॅसलिन, दाराच्या खाचेतली वाळू ब्रशनं. भाड्याची असली तरी धुवून द्या, डिपॉझिट कापायला त्यांना तेवढंच निमित्त लागतं.

तारखा अजून पक्क्या नसतील तर पंचांग बघून धरा. गाडी आता बीचवर जाणारच नाही म्हटल्यावर उधाणाची भीती नाही, उलट फायदा हाय, शुद्ध त्रयोदशी ते वद्य प्रतिपदा या दिवसांत संध्याकाळी चार ते साडेसहा पाणी लांब गेलेलं असतं, वाळू घट्ट, गुडघे दुखणाऱ्यालासुद्धा आरामात चालता येतं, आणि पौर्णिमेला समोर सूर्य बुडताना मागनं चंद्र वर येतो. फक्त नोव्हेंबरात त्रिपुरी पौर्णिमा आली तर तिथल्या देवळांत उत्सव असतो, रूम महिनाभर आधी सांगून ठेवायला लागतील.